कीटमधला मेपल, डब्यातले चिंचोके : बीपासून बोन्साय करण्याचं एक प्रकरण

बेळगावात शहापूर भागात राहणाऱ्या, एका पतसंस्थेत कॅशियर असलेल्या वहिनींचं हे प्रकरण आहे. माहेर खानापूर तालुक्यातलं, सासरची मंडळी मूळची निपाणीकडची. घर दोन मजली, वर चांगलं ऊन येणारी गच्ची. झाडांची आवड होती, पण ती जास्वंद, मोगरा, कढीपत्ता आणि तुळस इतकीच. मुलानं वाढदिवसाला ऑनलाइन ‘बोन्साय कीट’ मागवून दिलं आणि तिथून हे सुरू झालं.

कीटमध्ये बियांची चार पाकिटं होती: जपानी मेपल, जपानी ब्लॅक पाइन, विस्टेरिया आणि जॅकरांडा. सोबत पीटच्या वाळक्या चकत्या, वीतभरही नसलेल्या चार कुंड्या, एक कात्री आणि माहितीपत्रक. त्यांनी जानेवारीत पेरणी केली. मार्च संपेपर्यंत जॅकरांडाची दोन रोपं वर आली, बाकी तिन्ही कुंड्या तशाच राहिल्या. वहिनी माझ्या रोपवाटिकेत आल्या तेव्हा प्रश्न विचारायला नाही, निकाल सांगायला आल्या होत्या: “माझ्या हाताला गुण नाही.”

अशी तक्रार घेऊन येणारे बरेच असतात. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण नवशिक्याला जिथे जिथे अडायला होतं त्या जवळजवळ सगळ्या जागा यात आल्या आणि वहिनींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखांसकट नोंदी ठेवल्या. कॅशियरची सवय, दुसरं काय.

पाकिटात नेमकं काय होतं

पहिली गोष्ट म्हणजे ‘बोन्सायचं बी’ असं काही नसतं. मेपलचं बी हे मेपलचं बी. जमिनीत लावलं तर मोठं झाड होईल, कुंडीत ठेवून मुळं आणि फांद्या छाटत राहिलं तर लहान राहील. झाडाचा बुटकेपणा बियात नसतो. ही गोष्ट पाकिटावर लिहिलेली नसते, कारण लिहिली तर पाकीट विकलं जाणार नाही.

वहिनींच्या हाताबद्दलचा निकाल चुकीचा होता, हे त्यांच्याच कुंड्यांवरून दिसत होतं. पाणी तेच, चकत्या त्याच, खिडकी तीच, हातही तोच, तरी चारातलं एक उगवलं. म्हणजे फरक बियांत होता. जॅकरांडा दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण भागातला. बी एक दिवस पाण्यात भिजवून पेरलं की उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत उगवतं, त्याला आणखी काही लागत नाही. जपानी मेपलचं तसं नाही. त्याचं बी शरद ऋतूत झाडावरून पडतं. तेव्हाच अंकुर फुटला तर पुढच्या बर्फात रोप मरेल, म्हणून बियात उगवण रोखून धरणारी द्रव्यं असतात. अॅब्सिसिक अॅसिड हे त्यातलं मुख्य. ओल्या थंडीत महिनोन्‌महिने राहिल्यावर हा अडसर ओसरतो आणि वसंतात बी जागं होतं. मेपलला त्यासाठी चार-पाच अंश तापमानात साधारण तीन ते चार महिने लागतात, ब्लॅक पाइनला त्याहून कमी. विस्टेरियाचं बी कठीण सालीचं असतं, ते घासून-भिजवून पेरायला हवं होतं. माहितीपत्रकात यातलं काहीच नव्हतं. तिथे एवढंच होतं की चकती भिजवा, बी ठेवा, वाट पाहा.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे स्वेटर लागतो आणि त्याचा आपल्याला अभिमानही असतो. पण ही थंडी मेपलच्या बियाला पुरत नाही. मग फ्रीज आहे की! ओल्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, बी मिसळायचं, पिशवीत बांधून भाजीच्या कप्प्यात तीन महिने ठेवायचं. बी ताजं असेल तर उगवतंही. प्रश्न पुढचा आहे. मेपलला ही थंडीची विश्रांती दरवर्षी हवी असते, आणि वाढलेलं झाड दर हिवाळ्यात फ्रीजमध्ये ठेवता येत नाही. विश्रांतीवाचून असं झाड वर्षागणिक अशक्त होत जातं. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सीमाभागातल्या नवशिक्यानं मेपल आणि पाइनच्या नादी लागू नये. ज्यांना करायचंच आहे त्यांनी हात बसल्यावर करावं.

वहिनींना मी चकत्या उकरायला सांगितल्या. मेपलचं बी बोटांत दाबल्यावर चिखल झालं. पाइनचं ब्लेडनं कापून पाहिलं, आत तपकिरी आणि पोकळ. जिवंत बी कापलं की आत पांढरं, भरलेलं दिसतं. ही परीक्षा पेरणीनंतर नाही, आधी करायची असते. दहा बियांतली दोन कापली तर पाकिटाची लायकी समजते.

जाता जाता एक गोष्ट. परदेशी विक्रेत्याकडून थेट टपालानं बी मागवणं हा वाटतो तितका साधा व्यवहार नाही. २००३ च्या प्लँट क्वारंटाइन आदेशानुसार आयात बियाणांना रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. शंभर रुपयांच्या पाकिटासोबत ते कुणी पाठवत नाही.

चिंचोका, जांभूळ, करवंद : तीन बियांची तीन वेळापत्रकं

“मग काय लावू?” याचं उत्तर त्यांच्याच घरात होतं. खानापूरकडे उन्हाळ्यात चिंच फोडून, मीठ लावून, गोळे करून वर्षाची बेगमी होते, आणि मागे राहतात चिंचोके. माहेरहून आलेला त्यांचा एक डबा स्वयंपाकघरात होताच.

चिंचेचं झाड बोन्सायला फार चांगलं. पानं संयुक्त, त्यातली पर्णिका मुळातच बारीक. जुन्या लाकडावरही धुमारे फुटतात, त्यामुळे छाटणी सोसते. साल लवकर खडबडीत होते. आणि आपल्या उन्हात ते आयुष्य काढतं. तक्रार एकच, सुरुवातीला वाढ सावकाश.

चिंचोका थंडीची वाट बघत नाही, पावसाची बघतो. शेंगा फेब्रुवारी-मार्चला पिकतात, पुढे दोन-तीन महिने कोरडं ऊन. त्या काळात बी उगवलं तर मरेल, म्हणून त्याची साल पाणी आत येऊ देत नाही. मेपल बर्फ टाळतो, चिंच उन्हाळा टाळते, हिशेब तोच. कुलूप मात्र वेगळं: मेपलचं रासायनिक, चिंचोक्याचं सालीचं. साल एका जागी घासून पातळ केली की काम झालं. वहिनींना हे शिकवावं लागलं नाही. लहानपणी चिंचोका दगडावर घासून दुसऱ्याच्या हाताला चटका दिला नाही असं मूल आपल्याकडे विरळा. फक्त अंकुर निघतो ती टोकाची बाजू सोडून घासायचं, आणि आतला पांढरा भाग दिसू लागला की थांबायचं. मग रात्रभर, हवं तर दिवसभर, कोमट पाण्यात. जे फुगतील ते पेरायचे, जे जसेच्या तसे राहतील ते पुन्हा घासायचे.

जांभळाचं नेमकं उलट आहे. ते पावसाच्या तोंडावरच पिकतं आणि ओल्या जमिनीत पडतं, म्हणून त्याच्या बियाला थांबण्याची गरजच कधी पडली नाही. त्याला कुलूप नाही. वाळलं की मेलं. फळातून काढल्यावर दोनेक आठवड्यांतच उगवणशक्ती ढासळते. त्यामुळे ऑनलाइन मिळणारं जांभळाचं वाळकं बी म्हणजे पैसे घालून घेतलेला कचरा. वहिनींनी पहिल्या वर्षी जांभळं खाऊन बिया एका वाटीत काढून ठेवल्या, “रविवारी पेरू” म्हणून. तो रविवार जुलैत उजाडला आणि एकही उगवली नाही. पुढच्या जूनला खाल्ल्या दिवशी पेरल्या, तेव्हा एकेका बीतून दोन-दोन, तीन-तीन रोपं निघाली. जांभळात हे नेहमीचं आहे, एका बियात अनेक गर्भ असतात. त्यातली कमजोर काढून टाकण्यापेक्षा एकत्र वाढवून अनेक खोडांचं बोन्साय करता येतं. माझ्या माहितीत नवशिक्याला फुकट मिळणारी ही सगळ्यात चांगली सुरुवात आहे, आणि ती फार कमी लोक घेतात.

करवंदं मे महिन्यात माहेरी गेल्या तेव्हा आणली. जांभळासारखीच ताजी पेरावी लागतात. रोपं अगदी हळू वाढतात, पण पान लहान, फूल पांढरं, काटा मूळचाच, आणि काही वर्षांत खोड असं गाठाळ होतं की वय दुप्पट वाटावं.

जांबोटी-कणकुंबीच्या रानात जुन्या करवंदीच्या जाळ्या पाहिल्या की बोन्सायवाल्याचे हात शिवशिवतात. जपानमध्ये डोंगरातून वेडीवाकडी झाडं उपटून आणण्याची जुनी परंपरा आहे, तिला यामादोरी म्हणतात, आणि तिथली अनेक नामांकित जुनी झाडं त्या वाटेनं आलेली आहेत. आपल्याकडे ती वाट धरू नये. खानापूर तालुक्यातलं भीमगड अभयारण्य २०११ मध्ये घोषित झालं. तिथून झाड खणणं गुन्हा आहे, आणि राखीव जंगलातही परवानगीशिवाय ते करता येत नाही. शिवाय अशा उपटलेल्या करवंदीतली बरीच घरी येऊन मरतात. गावच्या बांधावरून खिसाभर करवंदं आणली तर कुणाचं काही बिघडत नाही.

वड, पिंपळ आणि उंबर मी मुद्दाम वगळले. त्यांचं बी धुळीएवढं असतं, त्याला उजेडातच उगवायचं असतं, म्हणून मातीत पुरून चालत नाही. भिजलेल्या विटेच्या चुऱ्यावर भुरभुरायचं आणि आठवडे ओल टिकवायची, हे पहिल्या वर्षाचं काम नाही. ज्याला वडाची हौस आहे त्यानं जुन्या भिंतीच्या फटीत पक्ष्यांनी पेरलेलं रोप घरमालकाला विचारून काढावं. घरमालक वर चहा पाजतील.

पहिला पाऊस आणि कोलमडलेली रोपं

चिंचोके जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरले, दीड सेंटिमीटर खोल, भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. दहा-बारा दिवसांत जाड दलं उचलून रोपं वर आली. वहिनींनी फोटो पाठवले, मुलानं स्टेटस ठेवलं. जुलैत बेळगावची ती रिपरिप सुरू झाली. ऊन नाही, वारा नाही, आठवडाभर नुसती ओल. सकाळी उभी असलेली रोपं संध्याकाळी आडवी. मातीलगतचा देठ पाणचट, पिचका आणि तपकिरी.

याला इंग्रजी पुस्तकांत डॅम्पिंग ऑफ म्हणतात. पिथियम, रायझोक्टोनिया अशा मातीतल्या बुरशा त्याला कारण होतात. पण त्याचं निदान पुस्तकाआधी मामंजींनी केलं. त्यांची हयात निपाणीकडे तंबाखूच्या शेतात गेलेली. तंबाखूचं बी बारीक, त्याची रोपं आधी गादीवाफ्यावर वाढवतात, आणि पावसाळ्यात दाट उगवलेला वाफा असाच बसतो. त्यांनी ट्रे पाहिला आणि म्हणाले, “माती भाजली नाहीस, पाणी तुंबवलंस, वर दाट पेरलंस. तंबाखू असती तरी हेच झालं असतं.”

भाजणं म्हणजे राब. वाफ्यावर काटक्या, पालापाचोळा, शेण पसरून जाळायचं. वरच्या थरातली बुरशी आणि तणाचं बी दोन्ही जातं. गच्चीवर राब जाळता येत नाही, शेजारी तक्रार करतील. त्याऐवजी एप्रिल-मेच्या उन्हात ओलसर माती पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे बंद करून ठेवायची. बेळगावचं उन्हाळी ऊन त्याला पुरतं.

जी रोपं उभी होती ती वाचवायला आम्ही ट्रे विटांवर चढवला, वर बाजूंनी उघडं प्लास्टिकचं छप्पर केलं, मातीवर जाड वाळूचा थर दिला आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला दोन-तीन ग्रॅम या हिशेबानं एकदा ओतलं. औषधापेक्षा छपराचा उपयोग जास्त झाला असं मला वाटतं. साधारण निम्मी रोपं गेली, निम्मी राहिली. बीपासून काम करताना हे गृहीत धरावं. दोन झाडं हवीत तर दोन डझन बी पेरायचं.

इथेच मातीचा प्रश्न निघाला. वहिनींनी कुंडीतली नेहमीची लाल माती आणि शेणखत वापरलं होतं. लाल माती पावसात दाबून बसते. पूर्वेकडे अथणी, रायबागच्या बाजूला काळी माती, ती तर भिजली की लोणी आणि वाळली की दगड. बोन्सायला दाण्यांची माती लागते, म्हणजे मधून पाणी पटकन निघून जावं आणि दाण्याच्या पोटात थोडं राहावं. जपानमध्ये त्यासाठी अकादामा नावाची ज्वालामुखीय माती वापरतात. आपल्याकडे ती आयात होते आणि किंमत ऐकून माणूस छंद सोडतो. पण खानापूर तालुका कौलं आणि विटांसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे, तिथे फुटक्या कौलांना तोटा नाही. वहिनींच्या भावानं पोतंभर तुकडे आणून दिले. ते कुटून दोन चाळण्यांतून काढले: मोठ्या चाळणीतून पडलेलं आणि बारीक चाळणीत राहिलेलं, म्हणजे साधारण दोन ते पाच-सहा मिलिमीटरचे दाणे ठेवायचे, पूड टाकून द्यायची. पूड ठेवली तर सगळी मेहनत वाया जाते, ती दाण्यांमधल्या जागा बुजवते. आमचं मिश्रण असं ठरलं: तीन भाग कौलाचा चुरा, एक भाग जाड वाळू, एक भाग चाळलेलं कुजलेलं शेणखत. अथणीसारख्या कोरड्या भागात खत नाहीतर कोकोपीट दुप्पट करावं, कणकुंबीच्या पावसात जवळजवळ काढूनच टाकावं. सगळ्यांना एकच कृती सांगणारे लोक एकाच गावात राहणारे असतात.

मूळ

बीपासून बोन्साय करण्याचा वेळखाऊपणा सगळेच सांगतात. मग करायचंच कशाला? गुटी कलमानं, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून, एका पावसाळ्यात अंगठ्याएवढ्या जाडीचं रोप मिळतं. रोपवाटिकेतून कुंतीचं (कामिनीचं) जाडजूड झुडूप आणून छाटलं तर त्याच दिवशी बोन्सायसारखं काहीतरी समोर दिसतं. बी निवडण्याला माझ्या मते एकच भक्कम कारण आहे, ते म्हणजे मूळ. जमिनीलगत बुंध्यापासून सगळ्या दिशांना सारखी पसरलेली मुळं ही जुन्या झाडाची खूण. मोठ्या झाडात ती नसली तर नंतर आणणं फार अवघड. रोप बोटभर असताना मात्र तुम्ही ठरवाल तशी मिळतात. बीपासूनच्या झाडाच्या पहिल्या वर्षाचं सगळं महत्त्वाचं काम जमिनीखाली होतं, आणि नवशिक्याचं सगळं लक्ष वर असतं.

चिंचेचं सोटमूळ भलतं लांब जातं. ऑगस्टमध्ये चार-सहा पानांची रोपं ट्रेमधून काढली तेव्हा मूळ वरच्या शेंड्याहून कितीतरी लांब आणि तळाला गुंडाळलेलं. निम्म्या रोपांचं सोटमूळ जमिनीच्या रेषेखाली चार-पाच सेंटिमीटरवर नव्या ब्लेडनं कापलं, निम्मी तशीच ठेवली. वहिनींना कापवेना. “मूळ कापल्यावर झाड जगतं होय?” हा प्रश्न सासूबाईंनीही विचारला, आणि त्यांच्या आवाजात चिंता कमी, नापसंती जास्त होती. घरात खुरटं झाड ठेवलं की घराची भरभराट खुंटते हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. मी वाद घातला नाही. वेळ पावसाळ्याची निवडली होती, हवेत ओल होती, कापलेली रोपं सावलीत प्लास्टिकच्या पिशवीखाली दहा दिवस ठेवली. काही गेली, बरीचशी टिकली, आणि कापलेल्या टोकाभोवती बाजूची मुळं फुटली.

मग कौल पुन्हा कामाला आलं. प्रत्येक रोप सपाट कौलाच्या वीतभर तुकड्यावर ठेवायचं, मुळं चारी दिशांना पसरायची, वरून माती घालायची. खाली वाट नसली की मुळं आडवी जातात. याला ना खास हत्यार लागतं ना खर्च येतो.

त्याच सुमारास कोवळ्या खोडांना हलकी तार गुंडाळून बुडाशी थोडा वळसा दिला. बोन्सायची अॅल्युमिनियम तार महाग पडली म्हणून उद्यमबागेतल्या मोटर वाइंडिंगवाल्याकडून तांब्याची बारीक तार आणली. ती मऊ असते, पण एकदा वळवली की ताठरते, म्हणून काढताना उलटी उलगडायची नाही, तुकडे करायचे. चिंचेचं लाकूड पहिल्या-दुसऱ्या वर्षातच कडक होतं. नंतर वाकवायला गेलं तर काडकन मोडतं.

गच्ची आणि माहेरचं परसू

दुसऱ्या जूनला रोपं दोन ठिकाणी वाटली. काही गच्चीवर, भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये आतून शेडनेट लावून. क्रेटच्या जाळीतून मूळ बाहेर डोकावलं की हवा लागून टोक वाळतं आणि आतून नवी फुटतात, त्यामुळे गुंडाळी होत नाही. काही खानापूरकडे माहेरच्या परसात, थेट लाल जमिनीत, कौलाच्या तुकड्यासकट, भोवती शेळ्यांसाठी काट्यांचं कुंपण. जॅकरांडाची दोन्ही रोपंही तिथेच बांधावर लावून टाकली. त्याचं पान इतकं मोठं की लहान कुंडीत ते शोभणार नव्हतं.

परसातल्या झाडांना वेगळाच धोका होता. भावानं एका चिंचेला बांबू बांधून तार काढून टाकली. “अक्का, हे वाकडं वाढूलालंय की!” त्याला तो वाकडेपणा मुद्दाम केलाय हे सांगावं लागलं. आईनं मात्र विचारलं, “झाड खुरटवून काय करूलालीस गं?” पण पाणी नियमानं तीच घालत होती.

नियम एवढेच होते: शेंडा खुडायचा नाही, खालची फांदी तोडायची नाही, आणि वर्षातून एकदा, पाऊस लागताना, बुंध्यापासून वीतभर अंतरावर कुदळीनं गोल चर मारून बाहेर गेलेली मुळं तोडायची. खालच्या फांद्या ठेवण्यामागे कारण आहे. झाडाचा बुंधा पानांनी तयार केलेल्या अन्नावर जाड होतो. खाली एक फांदी मोकाट वाढू दिली की तिच्याखालचा भाग जाडतो, वरचा बारीक राहतो, आणि हवा असलेला निमुळतेपणा मिळतो. फांदीचं काम झालं की ती काढायची. ती वाढत असताना झाड अगदी गबाळं दिसतं, आणि पाहुणे “यालाच बोन्साय म्हणायचं का?” विचारतात.

तिसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी दोन्ही ठिकाणची झाडं शेजारी शेजारी ठेवून नाही, पण फोटोत पट्टी धरून तपासली. परसातल्या चिंचांचा बुंधा तीन-साडेतीन सेंटिमीटर, क्रेटमधल्यांचा त्याच्या निम्माही नाही. आणि ज्यांचं सोटमूळ कापलं नव्हतं त्यातलं एक उकरून पाहिलं, तर बुंध्याशी एकच जाडजूड गाजर, बाजूला केसासारखी चार मुळं. वहिनींनी ते पाहिल्यावर सासूबाईंना बोलावून दाखवलं.

कुंडीचा मोह

या प्रकरणातला खरा पेच इथे आला. बुंधा दिसू लागला होता, तेवढ्यात मुलानं निळ्या झिलईची उथळ जपानी पद्धतीची कुंडी आणली. वहिनींना क्रेटमधली सगळ्यात देखणी चिंच तीत लावायची होती. माझं म्हणणं होतं, आत्ता नको.

याचं एक कारण वाढीचं आहे. कुंडीत गेलं की जाड होणं जवळजवळ थांबतं. बोन्सायची कुंडी हे वाढवण्याचं भांडं नाही, आहे तसं टिकवण्याचं आहे. दुसरं कारण पाण्याचं, आणि ते बहुतेकांना पटत नाही. कुंडी कितीही खोल असो, पाणी निथळल्यावर तळाशी ओलीगच्च राहणाऱ्या थराची उंची त्या मातीपुरती तेवढीच असते. खोल कुंडीत तो थर तळाचा लहानसा भाग. तीन बोटं उथळ कुंडीत तोच थर निम्मी कुंडी व्यापतो. म्हणजे उथळ कुंडी लवकर वाळते हे उन्हाळ्यात खरं, पण जुलैच्या झडीत तीच सगळ्यात जास्त दलदलीची. कोवळ्या मुळांना तीत ठेवणं म्हणजे पहिल्या वर्षीची बुरशी पुन्हा बोलावणं.

तिसरं कारण मी त्यांना सांगितलं नाही, ओळखलं. त्यांना काहीतरी करायचं होतं. तीन वर्षं नुसतं “हात लावू नका” ऐकून माणूस कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस कात्री घेतो. बीपासूनची बरीच रोपं दुर्लक्षानं नाही, अशा लाडानं मरतात. म्हणून आम्ही रोपवाटिकेतून कुंतीचं एक जुनं झुडूप आणलं आणि ते निळ्या कुंडीत लावलं. छाटणी, तार, मुळांची कापणी, सगळा हात त्यावर बसवायचा. वहिनींच्या गच्चीवर आज दाखवण्यासारखं बोन्साय आहे ते हेच, आणि ते बीपासूनचं नाही. मी आता प्रत्येक नवशिक्याला बियांसोबत असं एक झाड घ्यायला सांगतो.

खताचं थोडक्यात: पाऊस संपल्यावर आणि पुन्हा फेब्रुवारीपासून, शेंगदाणा पेंडीचे बारीक तुकडे मातीच्या कडेला. जपानी लोकही मोहरीवर्गीय पेंड अशीच वापरतात. जोराच्या पावसात पेंड घातली तर अळ्या होतात.

आत्ता कुठे आहे

परसातल्या चिंचांपैकी एक येत्या मोसमात काढायची आहे. वळीव एक-दोनदा पडून गेला आणि नवी पालवी सुटायच्या बेतात असली की बुंधा छाटायचा. बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहापट उंची हा बोन्सायमधला ढोबळ ठोकताळा. साडेतीन सेंटिमीटर बुंध्याला वीस-एकवीस सेंटिमीटरचं झाड. म्हणून पहिला काप जमिनीपासून सात सेंटिमीटरवर, तिथून निघणाऱ्या धुमाऱ्यांतला एक पुढचं खोड म्हणून ठेवायचा आणि त्यालाही पुन्हा मोकाट वाढू द्यायचं. म्हणजे अजून दोन-तीन वर्षं गबाळेपणाच. उथळ कुंडीत जायला एकूण आठ-दहा वर्षं झालेली असतील, आणि चिंचेसाठी ते लवकरच म्हणायचं. त्या वेळची कुंडी खानापूरच्या कुंभाराकडून घ्यायचं ठरतंय. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्थाही तिथेच आहे, माती आणि हात दोन्हींची वाण नाही. बिनझिलईची, तळाला पाण्यासाठी मोठी भोकं आणि झाड बांधायच्या तारेसाठी दोन बारीक.

दुसऱ्या चिंचेवर अजून मतभेद आहे. वहिनी तीही आताच काढू म्हणतात, मी ती आणखी चार वर्षं जमिनीत ठेवू म्हणतो, आणि त्यांची आई म्हणते की तिला आता शेंगा लागेपर्यंत राहू दे. बहुधा आईचंच चालेल, जागा तिची आहे. जांभळाचा त्रिकूट क्रेटमध्ये बरा आहे. करवंदीला आणखी दोन वर्षं कुणी हात लावायचा नाही असं ठरलंय, आणि तिचे काटे पाहता हा एक नियम तरी घरात पाळला जाईल.